मारहाणीची छोटी केस आणि परदेशप्रवास: दंड भरून मोकळे होऊ नका

प्रश्न थोडक्यात असा: घर सांगलीत, नोकरी पुण्यात आयटीमध्ये, वय २९. दिवाळीला घरी गेल्यावर बोळात गाडी लावण्यावरून शेजारच्या काकांशी भांडण झालं. शिवीगाळ झाली, तुम्ही त्यांना कानाखाली मारली आणि झटापटीत तुमच्या हातातलं हेल्मेट त्यांच्या खांद्याला लागलं. त्या रात्री पोलिसांनी नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतली. दोन दिवसांनी काकांनी पुरवणी जबाब दिला आणि भारतीय न्याय संहितेची कलमं ११५(२), ११८(१), ३५२ आणि ३५१(२) लागून एफआयआर झाला. चार्जशीट कोर्टात गेलं, तुम्ही जामीन घेतला. आता कंपनी दोन वर्षांसाठी टोरांटोला पाठवणार आहे, पासपोर्ट आठ महिन्यांत संपतोय, आणि ओळखीच्या एका गृहस्थांनी सल्ला दिलाय की लोकअदालतीत गुन्हा कबूल करा, हजार-दोन हजार दंड भरा, विषय मिटला. तसं करू का, असं तुम्ही विचारलंय.

करू नका. बाकी सगळ्या चुका दुरुस्त करता येतात, ही जवळपास येतच नाही, म्हणून आधी हेच सांगते.

मी सव्वीस वर्षं फौजदारी कोर्टात उभी राहते आहे आणि हा सल्ला दर लोकअदालतीच्या दिवशी बार रूमच्या बाहेर ऐकते. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तारखा वाचतात, वकिलाची फी वाचते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण कबुली दिल्यावर न्यायाधीश जो आदेश लिहितात त्यात ‘आरोपीस दोषी ठरवण्यात येत आहे’ हे शब्द असतात. दंड शंभर रुपये असो की दहा हजार, ती दोषसिद्धी असते. शिवाय स्वतः कबुली दिलेल्या खटल्यात अपील करायचं झालं तर ते शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा कायदेशीरपणाबद्दलच करता येतं. ‘मी दोषी नव्हतोच’ हा मुद्दा अपिलात उघडता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा, तिचं कलम ४१६ ते दार बंद करतं.

काही वर्षांपूर्वी मिरजेचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. कॉलेजात असताना गणपतीच्या मिरवणुकीत धक्काबुक्की झाली होती, शेवटी जुन्या दंड संहितेचं कलम ३२३ तेवढं उरलं. वडिलांचं हातावर पोट, प्रत्येक तारखेला मजुरी बुडायची. लोकअदालतीत पाचशे रुपये भरून बापलेक घरी आले. सहा वर्षांनी त्या मुलाने कॅनडाच्या कायम वास्तव्याचा अर्ज केला आणि ती पाचशेची पावती त्याच्या आड आली. त्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. ‘आम्ही तर केस मिटवली होती ना, ताई?’ एवढंच ते पुन्हापुन्हा विचारत होते.

त्याच्या बाबतीत काय झालं ते समजून घ्या, कारण तुम्हालाही कॅनडालाच जायचं आहे. कॅनडाचा अधिकारी तुमच्या गुन्ह्याला भारतात काय शिक्षा आहे एवढ्यावर थांबत नाही. तेच कृत्य कॅनडात केलं असतं तर तिथल्या कायद्याने ते काय ठरलं असतं, हे तो पाहतो. तिथे साधी मारहाण त्यांच्या फौजदारी संहितेच्या कलम २६६ मध्ये येते, जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षं. हा गुन्हा सौम्य किंवा गंभीर अशा दोन्ही पद्धतींनी चालवता येतो, आणि असे दुहेरी गुन्हे इमिग्रेशन कायदा गंभीर बाजूलाच धरतो. म्हणून आपल्याकडे एनसीच्या वहीत संपणाऱ्या थपडेवर दोषसिद्धी असेल, तर तिथे माणूस प्रवेशाला अपात्र ठरू शकतो. शिक्षा पूर्ण होऊन दहा वर्षं गेली आणि दुसरं काही नसेल तर तो सुधारला असं आपोआप मानलं जातं. पाच वर्षांनंतर तसा वेगळा अर्ज करता येतो. त्या मुलाची सहा वर्षं झाली होती, म्हणून अर्ज करता आला, पण निकाल येईपर्यंत नोकरी गेली.

आता तुमच्या हेल्मेटकडे येते. तुमच्या केसचा जीव त्यातच आहे.

तुमच्यावरच्या चार कलमांपैकी तीन हलकी आहेत. ११५(२) म्हणजे साधी दुखापत, जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. ३५२ म्हणजे चिथावणी देण्यासाठी केलेला अपमान, ३५१(२) म्हणजे धमकी. या तिन्ही गुन्ह्यांत ज्याला त्रास झाला तो स्वतः तडजोड करू शकतो, कोर्टाची परवानगीसुद्धा लागत नाही. ११८(१) मात्र वेगळं आहे: घातक हत्याराने किंवा साधनाने दुखापत, तीन वर्षांपर्यंत कैद. एनसीचा एफआयआर झाला तो याच कलमामुळे, आणि तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत हे कलम नाही. काका उद्या कोर्टात येऊन ‘मला काही तक्रार नाही’ म्हणाले, तरी मॅजिस्ट्रेट या कलमापुरती केस मिटवू शकत नाहीत.

परदेशात तर फरक आणखी वाढतो. कॅनडात हत्याराने केलेल्या मारहाणीला कलम २६७ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दहा वर्षं किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा तिथे ‘गंभीर गुन्हेगारी’च्या खान्यात जातो, आणि त्या खान्यातल्या माणसाला दहा वर्षांनी आपोआप मिळणारी सूटही मिळत नाही. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे एकाच किरकोळ गुन्ह्यासाठी एक सवलत आहे: गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नसावी आणि प्रत्यक्ष सुनावलेली शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावी. मुळात साधी थप्पड तिथे सहसा नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानत नाहीत. मानलीच तरी ११५(२) एक वर्षाचं असल्याने ते त्या सवलतीत बसतं. ११८(१) बसत नाही, कारण कमाल शिक्षा तीन वर्षं. म्हणजे थपडेपेक्षा तुमच्या हातात काय होतं, याला दोन्ही देशांत जास्त महत्त्व आहे. तुमच्या गृहस्थांनी कबुलीचा सल्ला देताना चार्जशीटवरची कलमं वाचली होती का, याची मला खात्री वाटत नाही.

म्हणून वकिलांना सांगा की सगळं लक्ष ११८(१) वर लावा. कलमाची व्याख्या नीट वाचली तर त्यात गोळी झाडण्याचं, भोसकण्याचं किंवा कापण्याचं साधन येतं, किंवा हत्यार म्हणून वापरलं तर मृत्यू ओढवण्याची शक्यता आहे अशी वस्तू येते. शिवाय आग, विष, स्फोटक वगैरे. खांद्याला लागलेलं हेल्मेट त्यात बसत नाही असा युक्तिवाद चांगला उभा राहतो. मेडिकल सर्टिफिकेटवर काय लिहिलंय ते पाहा. ‘साधी दुखापत, खांद्यावर सूज’ असेल तर तुमची बाजू भक्कम. डोक्यावर जखम, टाके असं काही असेल तर मात्र मी हेच इतक्या ठामपणे म्हणणार नाही. डोक्यात घातलेलं हेल्मेट कोर्ट वेगळ्या नजरेने पाहील. पंचनाम्यात हेल्मेट जप्त झालंय का, पहिल्या एनसीत हेल्मेटचा उल्लेख होता का, हेही बघा. पहिल्या रात्री नसलेली वस्तू दोन दिवसांनी जबाबात आली असेल, तर ते लक्षात आणून देण्यासारखं आहे.

हे मांडायची जागा म्हणजे दोषमुक्तीचा अर्ज, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २६२. इथे एक नवी मुदत आली आहे, आणि १ जुलै २०२४ नंतरच्या कायद्याची सवय न झालेल्या वकिलांकडूनही ती चुकते: चार्जशीटच्या प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांत अर्ज करायचा असतो. आरोप निश्चित करताना मॅजिस्ट्रेटनी ११८(१) गाळलं, तर उरलेली तिन्ही कलमं तडजोडीची आहेत. मग काका आणि तुम्ही मिळून पुरसिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, द्यायची, कोर्ट ती नोंदवतं, आणि अशा तडजोडीचा कायदेशीर परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. कबुली आणि तडजोड यांतलं अंतर इथे आहे. दोन्हींत केस त्याच दिवशी संपते, पण एकीत तुम्ही दोषी म्हणून बाहेर पडता.

११८(१) गळालं नाही तर उच्च न्यायालय आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली अर्ज करून, फिर्यादीच्या संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडून, एफआयआर आणि चार्जशीट रद्द करून मागायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यानसिंग प्रकरणात सांगितलं आहे की वाद वैयक्तिक स्वरूपाचा असेल आणि दोघांत मनापासून समेट झाला असेल, तर कायद्याने तडजोडयोग्य नसलेला गुन्हाही उच्च न्यायालय रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांना हे लागू नाही. शेजाऱ्यांमधल्या भांडणाला ते अगदी चपखल लागतं. यासाठी तुम्हाला मुंबईला खेटे घालायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे आणि सांगली जिल्हा त्यात येतो. सांगलीहून सकाळच्या एसटीने निघालं तरी पोहोचता येतं. आमच्या भागातल्या माणसांनी या बेंचसाठी किती वर्षं आंदोलनं केली ते आठवतं, म्हणून हे लिहिताना बरं वाटतं. कोर्ट काही वेळा पक्षकारांना थोडी रक्कम एखाद्या संस्थेला द्यायला लावतं, त्याची तयारी ठेवा.

हे दोन्ही रस्ते काकांच्या दारातून जातात. तुमच्या पूर्ण प्रश्नात त्यांच्याबद्दल एकही चांगला शब्द नाही. ते तुमच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे आहेत, गल्लीत सगळ्यांसमोर त्यांना थप्पड बसली आहे. माझ्या अनुभवात अशा केसमध्ये फिर्यादीला पैसे नको असतात. त्याला त्याच गल्लीत, त्याच माणसांसमोर माफी हवी असते. ती मागा. पण थेट उठून जाऊ नका. जामिनाच्या आदेशात ‘फिर्यादी व साक्षीदारांशी संपर्क करू नये’ अशी अट असेल तर तुमचं घरी जाणंच दबाव ठरेल आणि जामीन धोक्यात येईल. आधी वकिलांमार्फत त्यांच्याकडे निरोप पाठवा किंवा कोर्टातच मध्यस्थीसाठी अर्ज करा. दोघांना मान असलेला एखादा वडीलधारा माणूस असेल तर त्यांना मध्ये घाला. तुमच्याकडूनही क्रॉस तक्रार झाली असेल, तर दोन्ही एकत्रच मिटवा. एक मिटून दुसरी राहिली की चार महिन्यांनी भांडण परत पेटतं.

आता पासपोर्ट. पासपोर्ट कायदा १९६७ चं कलम ६(२)(फ) सांगतं की भारतातल्या फौजदारी कोर्टात अर्जदाराविरुद्ध खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारावा. नूतनीकरणालाही पासपोर्ट कार्यालय हाच नियम लावतं. नुसता एफआयआर असता, तपास चालू असता, तर अडचण नव्हती. परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की कोर्टात केस दाखल होऊन कोर्टाने दखल घेतल्यावरच ती ‘प्रलंबित’ धरायची. तुमची ती पायरी ओलांडली गेली आहे. तुमचं चार्जशीट दाखल आहे आणि आर.सी.सी. नंबर, म्हणजे कोर्टातला खटल्याचा क्रमांक, पडला आहे, म्हणजे फॉर्ममधल्या ‘तुमच्याविरुद्ध फौजदारी कारवाई प्रलंबित आहे का’ या प्रश्नाचं उत्तर ‘होय’ आहे.

इथे मी विनंती करते, रागावतेही. सायबर कॅफेतला एजंट तुम्हाला न विचारता ‘नाही’वर टिक करील. ‘सगळे असंच करतात’ असं म्हणेल. माहिती दडवणं हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. त्याच कारणावरून मिळालेला पासपोर्ट जप्तही होऊ शकतो. पोलीस पडताळणीत तुमचा गुन्हा निघणारच, तो त्याच पोलीस ठाण्याच्या संगणकात आहे. थपडेची केस मिटवता येते. खोट्या माहितीच्या केसमध्ये फिर्यादी सरकार असतं, आणि त्याची माफी मागायला कुणाच्या दारात जाता येत नाही.

‘होय’ लिहूनही पासपोर्ट मिळतो. २५ ऑगस्ट १९९३ ची एक अधिसूचना आहे, जीएसआर ५७०(ई), पासपोर्टचं काम करणाऱ्या प्रत्येक फौजदारी वकिलाला हा आकडा पाठ असतो. जिथे केस प्रलंबित आहे त्या कोर्टाने परदेशी जायला परवानगी दिली, तर पासपोर्ट द्यावा असं ती म्हणते. कोर्ट जेवढी मुदत लिहील तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो, आणि आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर एक वर्षाचा. कित्येक लोक इथे अडकतात. मॅजिस्ट्रेट ‘अर्ज मंजूर, हरकत नाही’ एवढं लिहितात आणि अर्जदाराच्या हातात वर्षाचा पासपोर्ट पडतो, ज्यावर दोन वर्षांचं वर्क परमिट निघत नाही. म्हणून अर्जाच्या विनंतीतच लिहायला सांगा: पासपोर्टचं नूतनीकरण पूर्ण दहा वर्षांसाठी करण्यास परवानगी द्यावी. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा नूतनीकरणाबद्दल दिलेला आदेश आहे, नरेंद्र अंबवानी प्रकरणातला. तो अर्जाला जोडा. सोबत ‘कोर्ट बोलावील तेव्हा हजर राहीन’ असं हमीपत्र लागतं. आदेशाची प्रमाणित नक्कल काढा, झेरॉक्स चालत नाही. आठ महिने हातात आहेत, पण अर्ज आजच टाका. सरकारी वकिलांचं म्हणणं येण्यातच दोन-तीन तारखा जातात.

हातातला पासपोर्ट अजून वैध आहे, त्यावर जाता येईल का? नुसती केस आहे म्हणून विमानतळावर कुणी अडवत नाही. परदेशी जाण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो हे मनेका गांधी प्रकरणापासून, म्हणजे १९७८ पासून, ठरलेलं आहे. पोलिसांनी पासपोर्ट काढून घेऊन ठेवणंही चुकीचं, तो जप्त करण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने सुरेश नंदा प्रकरणात २००८ मध्ये सांगितलं. तुम्ही विचारलेलं लुकआउट सर्क्युलर, म्हणजे माणसाला विमानतळावर अडवण्याची सूचना, अशा केसमध्ये मी एकदाही पाहिलेलं नाही. ते टाळणारे, पळालेले, मोठे गुन्हे यांच्यासाठी असतं. पण जामिनाचा आदेश वाचा. ‘कोर्टाच्या परवानगीशिवाय देश सोडू नये’ हे वाक्य छापील मजकुरात येऊन जातं आणि आरोपीने ते कधी वाचलेलंच नसतं. ते असेल तर परवानगी घेतल्याशिवाय पाऊल उचलू नका. नसेल तरी दोन वर्षांसाठी जाताना मी परवानगी घ्यायलाच लावते.

कारण खरी भीती पुढच्या तारखांची आहे. तुम्ही टोरांटोत, इकडे तारखेला गैरहजर, मग वॉरंट, मग अजामीनपात्र वॉरंट, आणि सुट्टीला आल्यावर घरच्या दारात पोलीस. हे टाळायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२८ खाली वैयक्तिक हजेरीतून सूट मागायची: वकील हजर राहतील, माझ्या ओळखीबद्दल वाद नाही, माझ्या गैरहजेरीत पुरावा नोंदवायला हरकत नाही. कंपनीचं पत्र, तिथला पत्ता, फोन नंबर, परतीचा अंदाज, सगळं जोडा. आणि ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये तुमचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, टाकून ठेवा. वकिलांच्या कारकुनाच्या फोनची वाट पाहत बसू नका, रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, स्वतः बघा.

व्हिसाच्या फॉर्मबद्दल आता. कॅनडाचा फॉर्म विचारतो की कोणत्याही देशात तुम्ही कधी गुन्हा केलात का, अटक झाली का, आरोप ठेवला गेला का, दोषी ठरलात का. चारही एकाच प्रश्नात. म्हणजे केस मिटली, रद्द झाली, तरी उत्तर ‘होय’च राहील, फरक एवढाच की सोबत तुम्ही उच्च न्यायालयाचा आदेश जोडू शकाल. तो आदेश हातात असलेला ‘होय’ तुम्हाला सहसा थांबवत नाही. खोटा ‘नाही’ मात्र कॅनडात पाच वर्षांची बंदी आणू शकतो, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची, आणि अमेरिकेत व्हिसासाठी जाणूनबुजून खोटं सांगितलं तर कायमची अपात्रता. तिकडे थपडेपेक्षा खोट्याची शिक्षा मोठी आहे, हे मी प्रत्येक अशिलाला बसवून सांगते.

अटकेचा प्रश्न अवघड वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. अमेरिकेचा डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म विचारतो की कधी अटक झाली होती का किंवा दोषी ठरलात का. तुम्हाला वाटेल, मी तर कोठडीत एक तासही नव्हतो. पण पोलीस ठाण्यात बोलावून कागदोपत्री अटक दाखवतात आणि लगेच जातमुचलक्यावर किंवा जामिनावर सोडतात. तसा अटक फॉर्म चार्जशीटमध्ये असेल तर उत्तर ‘होय’. दुसरीकडे, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक न करता हजर राहण्याची नोटीस द्यावी अशी तरतूद आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३). सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात ऊठसूट अटकेवर कडक शब्दांत बोट ठेवलं तेव्हापासून पोलीस ती बऱ्याचदा देतात. फक्त नोटीस असेल तर ती अटक नव्हे. तुमच्या प्रश्नात ‘पोलीस स्टेशनला बोलावलं होतं’ एवढंच आहे. कागद काढा आणि पाहा, आठवणीवर उत्तर भरू नका.

ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनचे फॉर्मही प्रलंबित आरोपांबद्दल विचारतात. शेंगेनच्या अल्पमुदतीच्या फॉर्मवर असा थेट प्रश्न नाही. कुवेतसारख्या देशांत कामाला जाताना पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स, द्यावीच लागते. कॅनडाही पुढे मागेल. केस प्रलंबित असेपर्यंत स्वच्छ पीसीसीची अपेक्षा धरू नका. आणि केस संपल्यावर पोलिसांच्या नोंदीत ते आपोआप चढेल असंही धरू नका. आदेशाची नक्कल घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात जा, अर्जासोबत द्या, पोच घ्या. तीन वर्षांपूर्वी सुटलेल्या माणसाच्या नावापुढे ‘न्यायप्रविष्ट’ असा शेरा मी अनेकदा पाहिला आहे.

प्रोबेशनबद्दलही तुम्ही ऐकलं असेल. १९५८ च्या कायद्याखाली कोर्ट शिक्षेऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, आणि दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला लागत नाही. सरकारी नोकरीसाठी हे फार मोलाचं आहे. पण दोषी ठरवल्यावरच ते मिळतं, आणि परदेशी अधिकारी आपल्या कायद्याची ती सवलत मानेलच असं नाही. खटला चालून शिक्षा अटळ झाली तरच तो दरवाजा ठोठवा, त्याआधी नको.

कंपनीला सांगावं का? व्हिसाचं काम पाहणारा त्यांचा इमिग्रेशन वकील असेल, त्याला चार्जशीटची आणि एफआयआरची इंग्रजी भाषांतरं द्या, अगदी सुरुवातीलाच. ई-कोर्ट्सवर नाव टाकलं की केस दिसते, लपवून उपयोग नाही. आणि जाण्याची तारीख मागितली तर दोन-तीन महिन्यांचं आश्वासन देऊ नका. जाणं पुढे ढकलता येईल का ते विचारा. घाईत घेतलेली तारीखच माणसाला कबुलीच्या टेबलाकडे ढकलते.

सोमवारी कोर्टात जाऊन दोन कागद बघा: जामिनाचा आदेश, आणि चार्जशीटच्या प्रती तुम्हाला कोणत्या तारखेला मिळाल्या ती रोजनाम्यातली नोंद. त्या तारखेपासून साठ दिवस मोजा. दिवस उरले असतील तर हेल्मेटच्या मुद्द्यावरचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. उरले नसतील तर उशीर माफीची विनंती जोडूनच तो द्या, आणि कोल्हापूरच्या अर्जाचा मसुदा समांतर सुरू करा. काकांकडे निरोप कोण नेईल ते आज रात्री वडिलांशी बोलून ठरवा.